चार सूत

“रॅम्प कुणासाठी?” धोंडिराम सुतारने विचारलं.

मी दारात उभा होतो. एका हातात टेप, दुसऱ्या हातात फाइल, आणि चपला पायरीवर ठेवायच्या की वर आणायच्या याचा विचार चाललेला. आवाज खोलीच्या कोपऱ्यातल्या कॉटवरून आला होता.

“तुमच्यासाठी,” मी म्हणालो.

“मला काय करायचाय? मी दिवाळीला चालणार हाय. आणि मग दारातला त्यो सिमेंटचा डोंगर काय फोडत बसू?”

“अवो, सायेब उन्हातनं आल्यात,” आतल्या खोलीतून त्याची बायको तांब्या घेऊन आली. “पाणी तरी घेऊ द्या त्यांना.”

“घेऊ दे की. पाण्याला माझी सही लागत न्हाई.”

मी पाणी प्यायलो. फाइल उघडली नाही.

या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. कोल्हापूरच्या आसपासच्या काही फाउंड्रीवाल्यांनी मिळून त्या काळात एक निधी काढला होता. कामावर ज्याला मोठी इजा झाली, जो पुन्हा पहिल्यासारखा हिंडू-फिरू शकणार नाही, त्याचं घर या निधीतून त्याला वापरता येईल असं करून द्यायचं. दार रुंद करायचं, पायऱ्यांच्या जागी उतार करायचा, न्हाणीघर-संडास घरात आणायचा. मी त्या निधीचा पाहणी अधिकारी होतो. घरी जायचं, मापं घ्यायची, काम करून घ्यायचं, दाखला लिहायचा. पाडळीचं धोंडिरामचं घर माझ्या यादीत सातवं होतं.

धोंडिराम पॅटर्नमेकर होता. कारखान्यात जी वस्तू पोलादाची ओतायची, ती आधी लाकडाची करावी लागते. तो लाकडी नमुना वाळूत दाबतात, त्याचा ठसा उठतो, आणि त्या ठशात वितळलेलं पोलाद ओततात. लाकूड चुकलं की पुढचं सगळं चुकलं. सव्वीस वर्षांत धोंडिरामचा एकही पॅटर्न परत आला नव्हता, असं त्याच्या कारखान्यातल्या माणसांनीच मला सांगितलं होतं. मी जाण्याच्या आदल्या एप्रिलमध्ये वाळू भरलेली लोखंडी पेटी क्रेनच्या साखळीतून निसटली. तो खाली वाकून आपला ठसा नीट उठलाय का ते बघत होता. पाठीवर बसली. कमरेखालचं सगळं गेलं.

निधीच्या अटी थोड्या होत्या, पण पक्क्या होत्या. काम सुरू करायला त्या माणसाची स्वतःची संमती हवी. पहिलं काम रॅम्पचं. ते अपघातापासून एक वर्षाच्या आत पुरं व्हायला हवं, आणि त्या दिवशी त्या माणसाने माझ्यासमोर कॉटपासून रस्त्यापर्यंत एकट्याने, कुणाचाही हात न लागता, जाऊन दाखवायला हवं. मग मी दाखला लिहिणार, मग पुढचं काम, म्हणजे न्हाणीघर. वर्ष उलटलं की फाइल बंद. बारा एप्रिलला वर्ष होत होतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फेब्रुवारीचा दुसरा आठवडा चालला होता.

निघताना त्याची बायको, शालनताई, माझ्यामागे अंगणात आल्या. दाराकडे पाठ करून हळू बोलल्या.

“सायेब, डॉक्टरांनी आमा दोघास्नी एकाच खोलीत बसवून सांगितलं. मी ऐकलं. ह्यांनी न्हाई ऐकलं.”

“घराबाहेर येतात का कधी?”

“सप्टेंबरात दवाखान्यातनं आणलं, चौघांनी बाजेवर घालून ह्या पायऱ्या चढवल्या. त्यो दिस आणि आजचा दिस. उचलूच देत न्हाईत. म्हणत्यात, मला उचलून भायेर न्यायचं ते एकदाच.” त्यांनी पदराने ओठ पुसले. “आणि ते दुसरं... पडद्यामागं करते मी सगळं. बाप्या माणूस हाय, सायेब. डोळं मिटून पडून ऱ्हातो त्या वेळंला. तुमी फाइल बंद करू नका.”

मी म्हणालो, फाइल मी बंद करत नाही, तारीख करते. आता आठवलं की हे उत्तर मला बरं वाटत नाही. पण तेव्हा मी असंच बोलत असे.

पुढच्या खेपेला मी गवंडी घेऊन गेलो. गवंडी गावातलाच, दस्तगीर मुजावर. धोंडिरामबरोबर शाळेत होता, दोघं एकाच वर्षी सातवीत नापास झाले होते, हे त्याने मला बसस्टँडपासून घरापर्यंतच्या वाटेत तीनदा सांगितलं. मी त्याला म्हटलं, आत जाऊ नका, अंगणातच अंदाज घेऊ. पुढच्या खोलीची खिडकी अंगणाकडे उघडत होती आणि कॉट खिडकीशीच होती, हे माझ्या ध्यानात होतं. दस्तगीरच्याही असावं.

त्याने टेप काढला, जोत्याच्या कडेला लावला आणि गरजेपेक्षा मोठ्याने ओरडला, “चोवीस इंच! टक्क!”

मग कोळशाचा खडा घेऊन त्याने भिंतीवर एक तिरकी रेघ मारली. दारापासून जमिनीपर्यंत, आठ फुटांत.

“झालं. आठ फुटात बसतंय.”

“म्हशीला चढवणार हाईस व्हय रं?” खिडकीतून आवाज आला.

“तुला काय करायचंय? तू दिवाळीला चालणार हाईस.”

“मी चालणार हाय. पण त्या रेघेवरनं शेळीसुदिक गडगडत खाली यील.”

“मग किती घेऊ?”

मी खिडकीशी गेलो. “आमच्या नियमाप्रमाणे एक इंच चढायला बारा इंच लांबी लागते,” मी म्हणालो. माझ्याकडे हल्ली गल्लीतली मुलं गणिताला येतात. चढ शिकवताना मी अजून हेच सांगतो, एक इंच वर जायचं तर बारा इंच पुढे चाला, आणि त्यांना अंगणात चालायला लावतो. “म्हणजे चोवीस इंचांना...”

“चोवीस फूट,” धोंडिराम म्हणाला. तो कोपरावर उठला होता. “अंगण तीस फूट हाय. भिंतीला धरून पूर्वेच्या कोपऱ्यापातुर न्यायचा. दारासमोर पाच फुटाचा सपाट चौथरा. दस्तगीर, तुला हे जमायचं न्हाई. तुझ्या शटरिंगच्या फळ्या म्हंजे केळीची पानं. चोवीस फुटात तीन ठिकाणी पोट काढशील.”

“मग तूच दे की फळ्या काढून.”

“देतो. फळ्या मी काढतो. रॅम्प तुझा आणि ह्या सायबांचा. त्येच्यावरनं कोण जायचं ते जाऊ दे.”

मी फाइल उघडली. संमतीची जागा दाखवली. त्याने पेन घेतलं, बराच वेळ कागद वाचला, सही केली आणि सहीच्या खाली दोन शब्द लिहिले: फळ्यांपुरती.

“चालतंय का?” त्याने विचारलं.

नियमात तसं नव्हतं आणि नियमात तसं नको असंही नव्हतं. मी म्हटलं, चालतंय.

मार्चच्या मध्यावर मी पुन्हा गेलो. निधीने दिलेली चाकाची खुर्ची पाच महिने कोपऱ्यात होती, तिच्यावर धुतलेले कपडे रचलेले असत. आता कपडे कॉटवर होते आणि धोंडिराम खुर्चीत होता. “कॉटवर बसून रंधा मारता येत न्हाई,” मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला. खोलीभर भुसा. दोन स्टुलांवर आडवी टाकलेली फळी, तिच्यावर तो दोन्ही हातांनी रंधा ओढत होता. शर्ट पाठीला चिकटला होता. कानावर पेन्सिल. त्याने वरच्या खिशातून एक घडीची दोन फुटी स्टीलची पट्टी काढली, उलगडून फळीच्या टोकाला लावली, अंगठ्याच्या नखाने चोवीसवर खूण केली आणि मग पेन्सिल ओढली.

“बघा हात फिरवून,” तो म्हणाला.

मी हात फिरवला. मला लाकडातलं काही कळत नाही, पण ते लाकूड आहे असं वाटत नव्हतं.

“ह्यांना कालपासनं जेवायची सुद न्हाई,” शालनताई म्हणाल्या. तक्रारीच्या स्वरात म्हणाल्या, पण झाकून ठेवलेलं जेवण त्यांनी परत गरम करायला नेलं.

एक एप्रिलला त्या फळ्यांच्या साच्यात काठोकाठ काँक्रीट पडलं. दस्तगीरने दाराचा उंबरा कापून काढला. शालनताईंनी तो लाकडाचा तुकडा धुऊन देवघराखाली ठेवला. रॅम्पवर आणि चौथऱ्यावर ओली पोती अंथरली. दहा दिवस त्यावर पाणी मारायचं, पाय ठेवायचा नाही. घरातली माणसं मागच्या दाराने ये-जा करू लागली.

अकरा तारखेला मी सकाळच्या गाडीने पोचलो. हातात शेवटचा दिवस होता. दाखला लिहायचा, सही घ्यायची, चारच्या गाडीने कोल्हापूर गाठायचं आणि साडेपाचच्या आत कार्यालयात कागद द्यायचा. मी हे सगळं शालनताईंना आधीच्या खेपेला समजावून सांगितलं होतं. त्या दिवशी त्या सकाळपासून घड्याळाकडे बघत होत्या. घरात घड्याळ नव्हतं, म्हणून माझ्या मनगटाकडे.

दस्तगीरने पोती उचलली. रॅम्प देखणा झाला होता. चोवीस फुटांत कुठे फुगवटा नाही, कुठे खड्डा नाही. कडा अशा सरळ की जणू पोलादाच्या.

धोंडिराम आज दाढी करून बसला होता. तो रॅम्प त्याने खिडकीतून पाहून घेतला.

“फळ्या तपासायच्यात म्हणून जातो,” तो म्हणाला. “नुसता खालपर्यंत जाऊन येतो.”

“जा की,” दस्तगीर म्हणाला. “कोण काय म्हणतंय?”

शालनताई स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. धोंडिरामने चाकांना हात घातला. खुर्ची कॉटपासून निघाली, खोली ओलांडून पुढच्या दाराशी आली, आणि थांबली.

पुढची दोन लहान चाकं दारात अडली होती. चौथरा घरातल्या फरशीपेक्षा वर होता. फार नाही. अर्धा इंच. सुताराच्या भाषेत चार सूत.

त्याने खुर्ची मागे घेतली, पुन्हा जोर केला. चाकं काठाला धडकली आणि आडवी झाली. तिसऱ्यांदा तो स्वतःच पुढे कलंडला, चौकटीला धरून सावरला.

दस्तगीर पुढे झाला. “जरा हात लावतो. अर्ध्या इंचाचा तर सवाल. सायेब...”

तो माझ्याकडे बघत होता. शालनताईही. अर्ध्या इंचासाठी फाइल बंद करायची असं माझ्याही मनात नव्हतं. मी म्हणालो, “लावा. मी तेवढ्यात फाइल बघतो.”

“सायेब,” धोंडिराम म्हणाला, “तुमी फाइल बघशीला. पण मला दिसंल की.”

दस्तगीरने हात मागे घेतला.

धोंडिराम दाराच्या त्या काठाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “दस्तगीर, तू मला किती सांगितलंवतंस?”

“चोवीस. टक्क.”

“टेप दे तुझा.”

त्याने टेप घेतला. वरच्या खिशातून आपली पट्टी काढून उलगडली. दोन्ही मांडीवर शेजारी शेजारी धरली, शून्याला शून्य लावून. पट्टीवरचा चोवीसचा आकडा टेपवरच्या साडेचोवीसला येत होता.

मी पुन्हा पुन्हा बघितलं. पट्टी इतर कुठल्याही स्टीलच्या पट्टीसारखी होती.

“श्रिंकेजची पट्टी,” तो म्हणाला. मला समजलेलं नाही हे त्याला दिसलं असावं. त्याने सावकाश सांगितलं. “पोलाद ओतल्यावर गार होताना आकसतं, सायेब. फुटाला पाव इंच. म्हंजे लाकूड तेवढं मोठं करायला लागतं. दर वेळंला कोण हिशोब करत बसणार? म्हणून पट्टीच मोठी येते आमची. हिचा इंच दुनियेच्या इंचापेक्षा जरा लांब. सव्वीस वर्षं खिशात हीच. दुसरी पट्टी माझ्याकडं न्हाईच.”

टेपने घेतलेला आकडा त्याने या पट्टीने फळीवर उतरवला होता. चोवीस म्हणून साडेचोवीस कापलं होतं.

“मला दिसलंवतं,” दस्तगीर हळूच म्हणाला.

“काय दिसलंवतं?”

“ओततानाच. चौथरा वर आलाय असं वाटलं. पण म्हटलं, धोंडीबानं काढलंय, काय तरी हिशोब असंल.”

“आरं, तीस वर्षं गवंडी हाईस. दुसऱ्याच्या न्हाणीला दोनदा लेव्हल लावतोस, आणि माझ्या फळीला लावली न्हाईस?”

“तुझ्या फळीला लेव्हल लावायची? गाव काय म्हणंल मला?”

धोंडिराम हसला. आधी नाकातून, मग पोटातून. खुर्ची हलायला लागली. दस्तगीर गोंधळला, मग तोही हसायला लागला. शालनताई दारातून पुढे आल्या. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे त्या अशा बघत होत्या की मला मान फिरवावी लागली.

हसणं संपल्यावर त्याने डोळे पुसले. “छिन्नी आण,” तो म्हणाला. “आणि हातोडा. बारका.”

“मी मारतो की, वीस मिनिटाचं काम.”

“चूक कुणाची हाय?”

“आरं पण, सायबांची गाडी हाय चारला.”

“बारा वाजत्यात आता. सायेब, थांबशीला?”

मी थांबतो म्हटलं.

खुर्चीतून खाली उतरायला त्याला पाच-सहा मिनिटं लागली. याआधी तो तसा कधी उतरला नव्हता. शालनताई धावल्या, तेव्हा तो म्हणाला, “शाले, हात लावू नगंस.” ओरडला नाही. त्या जिथल्या तिथे थांबल्या. त्याने आधी एक पाय उचलून जमिनीवर ठेवला, मग दुसरा, दोन्ही हातांनी, फळ्या सरकवाव्या तसे. मग खुर्चीच्या दांड्या धरून स्वतःला खाली सोडलं. शेवटी आपटला. तोंडाने आवाज केला नाही. मग कोपरांवर सरकत दारापर्यंत गेला आणि एका कुशीवर वळून छिन्नी लावली.

दहा दिवसांचं काँक्रीट तसं कोवळं असतं, पण कोवळं म्हणजे लोणी नव्हे. दार सव्वातीन फूट रुंद. त्याला नुसता काठ फोडायचा नव्हता, एक वीतभर लांबीचा उतार घडवायचा होता, घरातल्या फरशीपासून चौथऱ्यापर्यंत. तो एकेक खपली काढत होता. दर दहा-बारा ठोक्यांनंतर हाताचा तळवा फिरवून बघत होता. धूळ त्याच्या भुवयांवर बसली. दस्तगीर दोनदा उठला आणि दोनदा खाली बसला.

एक वाजला. शालनताईंनी भाकरी-आमटी वाढली, मी आणि दस्तगीर मागच्या खोलीत जेवलो. धोंडिराम नको म्हणाला. दोन वाजले. शालनताई माझ्या मनगटाकडे बघत आणि मग आत जात.

“सायेब,” धोंडिराम मध्येच म्हणाला. मी स्टुलावर बसलो होतो, तो खाली, त्यामुळे त्याचं तोंड मला दिसत नव्हतं. “पोलादाचं बरं असतं. मोठं ओतलं तरी चालतं. आकसून आपल्या मापात येतं, थोडा धीर धरला की झालं.” त्याने फुंकर मारून धूळ उडवली. “मी ह्येच धरून चाललोवतो. ह्ये काँक्रीट हाय. ह्ये जसं ओतलं तसंच ऱ्हातं.”

दस्तगीर तपकिरीची डबी काढून ती नुसतीच हातात फिरवत बसला.

“दस्तगीर.”

“बोल.”

“न्हाणीचं माप घेऊन ठेव उद्या. दार अडीच फुटाचं नगं, तीन फुटाचं घे. खुर्ची आत फिरली पायजे.” छिन्नीचे दोन ठोके. “आणि तुझ्या टेपनं घे.”

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला.

सव्वातीनला त्याने छिन्नी ठेवली. तळवा फिरवला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग तो खुर्चीकडे सरकत गेला. “खुर्ची धर,” तो दस्तगीरला म्हणाला. “खुर्चीच. मला धरू नगंस.” दोनदा तो निम्म्यावरून खाली आला. तिसऱ्यांदा दंड थरथरत, दात खाऊन, त्याने अंग वर ओढलं. बसल्यावर त्याने आधी पाय नीट ठेवले, मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. चेहऱ्यावर धुळीचा आणि घामाचा चिखल झाला होता. सकाळच्या दाढीचं काही राहिलं नव्हतं.

नियमाप्रमाणे तो पुन्हा कॉटपाशी गेला. तिथून निघाला. दाराशी चाकं किंचित वर झाली आणि चौथऱ्यावर आली. तो थांबला नाही. चौथऱ्यावर वळला, भिंतीकडेने उताराला लागला. तळव्यांनी चाकं दाबून वेग धरत, चोवीस फूट खाली गेला. अंगण ओलांडलं. कुंपणाच्या फाटकातून रस्त्यावर आला.

घड्याळात तीन चाळीस झाले होते. मी स्टुलावर फाइल ठेवून दाखला उघडला. त्याची सही घ्यायची तेवढी बाकी होती.

तो रस्त्यावर एक क्षण थांबला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग डावीकडे वळला.

“अवो!” शालनताई दारातून ओरडल्या. “कुठं निघालासा?”

त्याने एक हात वर केला. वळून बघितलं नाही. रस्ता तिथे वडाच्या पारापाशी वळतो. त्या वळणावर खुर्ची दिसेनाशी झाली.

आम्ही वाट बघितली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. दस्तगीर म्हणाला, “पारापातुर गेला असंल.” मग म्हणाला, “देवळापातुर गेला असंल.” मग फाटकापर्यंत जाऊन परत आला. चारला पाच कमी होते. बसस्टँड दोन मिनिटांवर होता. मी पेन हातात धरून उभा राहिलो.

“मी बघून येतो,” दस्तगीर म्हणाला. “सही तर करून जाऊ दे.”

“नगा,” शालनताई म्हणाल्या.

“आवो वैनी, आज शेवटची तारीख हाय. कागद गेला न्हाई तर न्हाणी गेली.”

“मला ठावं हाय काय गेलं तर काय जातं ते.” त्या चौथऱ्यावर उतरल्या. त्या चौथऱ्यावर त्यांनीही अजून पाय ठेवला नव्हता. “सात महिनं ह्यो माणूस कुठं हाय ते मला झोपंत ठावं असायचं. कुशीवर वळला तरी कळायचं. आता कुठं हाय, मला ठावं न्हाई.” त्या रस्त्याकडे बघत होत्या. “बोलवायला कोण जाऊ नगा. येऊ दे त्याच्या वेळंनं.”

मी दाखला पुढे ओढला. सहीच्या जागेवर आडवी रेघ मारली. खाली शेऱ्यासाठी चार ओळी असतात. त्यांत लिहिलं आणि माझी सही केली. तसा दाखला मी त्याआधी कधी दिला नव्हता. वरिष्ठांनी संध्याकाळी तो दोनदा वाचला, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि शिक्का मारला. पण ते नंतरचं.

मी फाइल मिटत होतो, तेव्हा शालनताई म्हणाल्या, “सायेब, काय लिवलंसा?”

मी वाचून दाखवलं. “लाभार्थी सहीसाठी घरी उपलब्ध नाहीत. तीन वाजून चाळीस मिनिटांनी कुणाच्याही मदतीशिवाय एकटे बाहेर गेले. कुठे गेले ते घरच्यांना माहीत नाही. अद्याप परतलेले नाहीत.”

लांबून गाडीचा हॉर्न ऐकू आला. दस्तगीरने माझी पिशवी उचलली.

“शेवटचं परत एकदा वाचा,” शालनताई म्हणाल्या.

मी परत वाचलं.